सिस्टीम बनवायच्या आधी लोकांचं काम कसं बघायचं आणि कागदावर कसं उतरवायचं (दूध संस्थेचं उदाहरण घेऊन)

कुठलंही सॉफ्टवेअर करायला घेतलं की पहिला कागद तयार होतो तो "सध्या काम कसं चालतं" याचा. चौकोन, बाण, मधे एखादा हो/नाहीचा डायमंड, वर कोपऱ्यात लोगो. बहुतेक वेळा हा कागद एसी मीटिंगरूममधे दोन तासात उरकतात आणि ज्याचं काम त्यात काढलंय तो माणूस त्या खोलीत नसतोच. मग त्यावरून स्क्रीन बनतात, डेटाबेस बनतो, ट्रेनिंग होतं, पेढे वाटले जातात, आणि दोन महिन्यांनी जाऊन बघा, कॉम्प्युटरशेजारी एक वही असते, खरं काम त्या वहीत चालतं आणि दुपारी निवांत वेळ मिळाला की वहीतलं कॉम्प्युटरमधे "चढवतात". बीए (बिझनेस ॲनालिस्ट) म्हणून काम करणारे, फायनल इयरचा प्रोजेक्ट करणारी मुलं, ग्रामपंचायतीला किंवा ओळखीच्या दुकानदाराला काहीतरी बनवून देणारे, सगळ्यांनाच हे भोवतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

उदाहरण गावच्या दूध संस्थेचं घेतो. एका खोलीत मावणारं काम आहे, आणि तरी त्यात पैसा, मशीन, राजकारण, भावकी सगळं आलं.

कागदावर हे काम असं दिसतं: उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध आणतो, त्याचा कोड टाकायचा, वजन करायचं, सॅम्पल मशीनला लावायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, दरपत्रकावरून दर लागतो, स्लिप निघते. दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्य आणि उचल कापायची, उरलेलं खात्यावर. गायीच्या दुधाला बेस ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीला ६ आणि ९, त्याच्या वरखाली पॉइंटप्रमाणे दर कमीजास्त. सात-आठ चौकोनात बसलं की. आणि यात चूक काहीच नाहीये, फक्त हे चित्र घेऊन तुम्ही सकाळी सहाला संस्थेत उभे राहिलात तर समोर जे चाललंय त्यातलं निम्मं तुम्हाला त्यात सापडणार नाही.

चित्र कोणाचं आहे ते आधी ठरवा

सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवतात चेअरमन आणि संचालक, किंवा वरून दूध संघ सांगतो. वापरतो सचिव आणि मापाला उभा असलेला पोरगा. भोगतो दूध घालणारा, जो यातल्या एकाही मीटिंगला नसतो. तिघांना वेगवेगळं विचारा, तीन चित्रं मिळतील आणि तिन्ही खरी असतील. चेअरमनच्या चित्रात काम म्हणजे आज किती लिटर आलं, किती गेलं, घट किती बसली. सचिवाच्या चित्रात काम म्हणजे टँकर यायच्या आत रांग संपवणं आणि कोणाशी वाजू न देणं. दूध घालणाऱ्या बाईच्या चित्रात एकच प्रश्न, काल फॅट ४.१ लागली मग आज ३.६ कशी.

या विषयावर जगात बराच अभ्यास झालाय. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या रिसर्च सेंटरमधे लुसी सचमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९९५ मधे एका लेखात एका मोठ्या लॉ फर्मची गोष्ट सांगितलीय. खटल्याच्या हजारो कागदपत्रांना कोड देऊन ती डेटाबेसमधे घालायचं काम तिथं चालायचं. वकिलाच्या मते हे काम डोकं न लावता करायचं, मशीनकडून करून घ्या नाहीतर बाहेर स्वस्तात पाठवा. प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर कोड देणारी माणसं सतत निर्णय घेत होती, हा कागद कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, यातली खरी तारीख कुठली, लिहिणारा कोण धरायचा. वकील खोटं बोलत नव्हता, तो लांबून बघत होता एवढंच. काम जितकं लांबून बघाल तितकं सोपं दिसतं आणि दुर्दैवाने सॉफ्टवेअरची ऑर्डर देणारा माणूस नेहमी लांबच बसलेला असतो.

म्हणून साधी सवय लावून घ्या. चित्रातल्या प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहा, हे मी बघितलं, की कोणी सांगितलं, आणि सांगणारा कोण. "चेअरमननी सांगितलं" असं सगळ्या चौकोनांखाली दिसायला लागलं तर समजा की तुम्ही अजून काम बघितलेलंच नाही.

जाऊन उभं राहायचं, आणि कसं उभं राहायचं

पहिल्या दिवशी लॅपटॉप नेऊ नका. वही, पेन, आणि चहाला नाही म्हणू नका. सचिवाला आधीच स्पष्ट सांगा की मी संघाकडून तपासणीला आलेलो नाही, कारण गावात वही घेऊन कोपऱ्यात उभा राहिलेला अनोळखी माणूस म्हणजे ऑडिटर हे ठरलेलं असतं, आणि ऑडिटर समजून लोक तुम्हाला नियमातलं काम करून दाखवतील, प्रत्येक कॅन ढवळून सॅम्पल घेतील, प्रत्येक स्लिप हातात देतील, आणि तुम्ही खुश होऊन घरी जाल. ही भीती जायला वेळ लागतो. परत परत जावं लागतं, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

"तुम्ही काम कसं करता?" हा प्रश्न विचारूच नका. या प्रश्नाला माणूस नियम सांगतो, म्हणजे काम कसं व्हायला पाहिजे ते. त्याऐवजी ताज्या घडलेल्या गोष्टी विचारा. काल सकाळी सगळ्यात जास्त वेळ कोणाला लागला? मागच्या बिलाला भांडण कशावरून झालं? लाईट गेली होती तेव्हा काय केलं? तुम्ही लग्नाला गेला होता तेव्हा इथं कोण बसलं होतं, आणि आल्यावर तुम्हाला काय काय निस्तरावं लागलं? हा शेवटचा प्रश्न तर सोनं आहे, कारण बदली माणसाला जे जमलं नाही ते म्हणजे सचिवाला येतं पण कुठंच लिहिलेलं नाही असं काम.

वहीच्या पानाचे तीन भाग करा. डावीकडे जे दिसलं ते, मधे जे ऐकलं ते त्याच्याच शब्दात, उजवीकडे मला काय वाटतं ते. हे तीन मिसळले की नंतर वेगळे करता येत नाहीत. "सचिव दूध चेक करतो" हे निरीक्षण नव्हे, तो तुमचा निष्कर्ष झाला. निरीक्षण असं: कॅनचं झाकण काढलं, वास घेतला, मुलाकडे बघून "आज्जीला सांग भांडं नीट धुवायला" म्हणाला, मग सॅम्पल घेतलं.

आता हे वाक्य परत वाचा. यात वास घेणं ही मशीनच्या आधीची टेस्ट आहे, नासायला आलेलं दूध मोठ्या कॅनमधे गेलं तर सगळंच फुटेल म्हणून. दूध मुलाने आणलंय, म्हणजे सभासद स्वतः आलेला नाही, निरोप मुलाकरवी जाणार. आणि सचिवाला माहीत आहे की हे दूध कोणत्या घरचं, तिथं धार कोण काढतं. तुमच्या फ्लोचार्टमधे या सगळ्याला "सॅम्पल घेणे" असं म्हणतात.

वेगवेगळ्या वेळी जा. सकाळ आणि संध्याकाळ सारखी नसते. बिलाच्या दिवशी जा, लाईट नसेल तेव्हा जा, भर पावसात जा, सणाच्या दिवशी जा जेव्हा घरोघरी दूध लागतं आणि संस्थेत कमी येतं. सगळं सुरळीत चाललेला दिवस बघून फार काही कळत नाही.

कागद गोळा करा, पण सरकारी पद्धतीचे कोरे नमुने नकोत, भरलेले, खाडाखोड केलेले, तेलाचे डाग पडलेले कागद बघा (फोटो काढण्याआधी विचारून, नावं झाकून). रजिस्टरच्या मागच्या पानावर काय लिहिलंय? भिंतीवर खडूने कोणाचे नंबर आहेत? स्लिपवर पेनाने गोल कशाला केलाय? हा गोल म्हणजे "याला घरी जाताना थांबव, उचलीचं बोलायचंय" असा असू शकतो. ब्रिटनमधे एअर ट्रॅफिक कंट्रोलवर लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी अभ्यास केला होता, तिथं प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची आणि ज्या विमानाकडे लक्ष ठेवायचंय त्याची पट्टी कंट्रोलर रॅकमधे जरा तिरकी करून ठेवायचा. बाहेरच्याला वाटेल पट्टी सरकलीय. शेजारच्या कंट्रोलरला एका नजरेत कळायचं की इथं काहीतरी आहे. आता पट्टीवरची सगळी माहिती स्क्रीनवर आणली आणि तिरकं करणं राहून गेलं, तर कागदोपत्री काहीच सुटलेलं नसतं.

रिकामे रकाने पण बघा. रजिस्टरमधे एखादा रकाना कोणीच भरत नसेल तर लगेच "डिसिप्लिन नाही" असं लिहू नका. हॅरॉल्ड गारफिंकेल या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मधे दवाखान्याच्या अर्धवट नोंदींबद्दल लिहिलंय की त्या तशा असण्याला तिथल्या कामातलीच चांगली कारणं असतात, नोंद भरायचा त्रास एकाला आणि उपयोग भलत्यालाच असं झालं की माणूस ती भरत नाही. तुम्ही तो रकाना स्क्रीनवर लाल स्टार लावून कंपल्सरी केलात तर लोक त्यात ० टाकतील नाहीतर टिंब टाकतील, आणि आधी रिकामं होतं ते आता खोटं होईल.

आता काढायला बसा, पण फ्लोचार्ट सगळ्यात शेवटी

माझा क्रम असा असतो. आधी एका सकाळची गोष्ट लिहायची, वेळेसकट, जशी घडली तशी, नेहमी काय होतं ते नव्हे तर त्या एका दिवशी काय झालं ते. मग खोलीचा नकाशा, वजनकाटा कुठं, मशीन कुठं, रांग कुठून येते, स्क्रीन कोणाला दिसते आणि कोणाला दिसत नाही. हा नकाशा लोक काढतच नाहीत आणि मग डिस्प्ले सचिवाच्या तोंडासमोर लावतात, उत्पादकाला आकडा दिसत नाही, तो विचारणार "किती लागली?", सचिव सांगणार, मागचा म्हणणार परत सांगा. तिसरं, एखाद्या वस्तूचा प्रवास, म्हणजे ती स्लिप निघाल्यापासून कुठं कुठं जाते, घरी ती देवळीत ठेवतात का, बिलाच्या दिवशी दहा दिवसांच्या स्लिपा घेऊन कोण येतं आणि बेरीज जुळवायला कोणाकडून मोबाईल घेतं. हे सगळं झाल्यावर फ्लोचार्ट.

फ्लोचार्ट दोन रंगात काढा. नियम निळ्याने, घडतं ते लाल रंगाने. आणि दोन्ही ठेवा, कारण नियम फालतू आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही, सचिव स्वतः नियम वापरतोच की, भांडण झालं की तो भिंतीवरच्या दरपत्रकाकडेच बोट दाखवतो. नियम आणि काम यांच्यामधे जी जागा राहते ती सांभाळायचं कौशल्य सचिवाचं असतं, आणि चित्रात ती जागा दिसली पाहिजे.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. रिक्वायरमेंटमधे (सिस्टीमने काय काय करायचं त्या यादीत) ओळ असते: "गुणप्रत निकषापेक्षा कमी असल्यास दूध नाकारावे." डेव्हलपरच्या दृष्टीने एकदम स्वच्छ, एक इफ, एक एल्स (असं असेल तर हे, नाहीतर ते). प्रत्यक्षात रिडिंग फारच कमी आलं की सचिव आधी मशीनवर संशय घेतो, नळी धुतो, परत लावतो. मग दूध नीट ढवळलं होतं का बघतो, साय वर आली असेल तर आकडा भलताच येतो. मग विचारतो, म्हैस आटायला आलीय का, नवीन व्यालीय का, चारा बदलला का. नवीन व्यालेली असेल आणि चीक असेल तर घेत नाहीत, पण ते हळू आवाजात सांगतात, माणसाचा चारचौघात पाणउतारा होणार नाही असं. पाणी घातल्याचा संशय असेल तर पहिल्या वेळी नुसती नजर, दुसऱ्या वेळी बोलणं, त्याच्यापुढे गेलं तर चेअरमनपर्यंत. आणि परत केलेलं दूध त्या घराचं त्या दिवसाचं उत्पन्न असतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. आता तुमच्या स्क्रीनने मोठ्या लाल अक्षरात रिजेक्टेड दाखवलं आणि भोंगा वाजवला तर काय होईल ते तुम्हीच बघा. मी इथं "पुन्हा तपासा" असं बटण पहिलं ठेवीन, दोन्ही रिडिंग जपून ठेवीन, आणि नकाराचा निर्णय माणसाकडे राहू देईन.

"एक्सेप्शन" (अपवाद) हा शब्द चित्रात शक्यतो वापरू नका. लाईट जाणं, मूल दूध घेऊन येणं, गाय-म्हैस मिक्स येणं, एकाच घरचे दोन कोड, हे सगळं रोजचं आहे. लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसने २६ ऑक्टोबर १९९२ ला कॉम्प्युटरवरून गाड्या पाठवायची नवीन सिस्टीम सगळीकडे चालू केली, ती सिस्टीम धरून चालली होती की प्रत्येक गाडी कुठं आहे आणि काय करतेय हे आपल्याला जवळजवळ अचूक माहीत असणार. पण क्रू बटणं वेगळ्या क्रमाने दाबायचे, सांगितलेल्या गाडीऐवजी दुसरी घेऊन जायचे, काही भागात रेडिओ लागायचा नाही. आधी कंट्रोल रूममधली माणसं हे बोलूनचालून जुळवून घ्यायची. आता चुका साठत गेल्या, एक्सेप्शन मेसेज इतके आले की यादी स्क्रीनच्या वर सरकून दिसेनाशी झाली, एकाच कॉलला दोन गाड्या आणि दुसऱ्याला एकही नाही असं व्हायला लागलं. दुसऱ्याच दिवशी अर्धं काम परत हाताने सुरू करावं लागलं आणि काही दिवसात प्रमुख अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. प्रोग्रॅमिंगच्या पण चुका होत्या त्यात, घाई होती, टेस्टिंग कमी होतं, सगळं होतं. पण मूळ चित्रातच काम फार स्वच्छ काढलेलं होतं.

काय काढायचं नाही

हा भाग ट्रेनिंगमधे कोणी शिकवत नाही. काही गोष्टी बघितल्या तरी चित्रात घालायच्या आधी दहादा विचार करा.

समजा तुम्हाला दिसलं की एक बाई स्वतःचं दूध जावेच्या कोडवर घालते. विचारलं तर कळतं की स्वतःच्या घरचं खातं नवऱ्याच्या नावावर, तिथं पैसे गेले की ते घरी येत नाहीत. सचिवाला माहीत आहे, जावेला माहीत आहे, हिशोब वेगळा वहीत ठेवलेला आहे, कोणाचं नुकसान नाही. आता तुम्ही हे "कोडचा गैरवापर" म्हणून चित्रात लाल चौकोनात टाकलं, चेअरमनला दाखवलं, आणि नवीन सिस्टीममधे मशीनवर अंगठा लावणं कंपल्सरी झालं. काम दिसायला लागलं, आणि त्या बाईचे पैसे गेले.

उलटी बाजू पण आहे. सचिव पहाटे येऊन मशीन धुतो, कॅलिब्रेशन (मशीन बरोबर मोजतंय का ते) बघतो, टँकरवाल्याला फोन लावतो, हे कुठल्याच चित्रात नसतं म्हणून त्याचा पगार ठरवताना "दोन-तीन तासाचंच तर काम आहे" असं म्हणतात. हे दिसलंच पाहिजे. मग दाखवायचं काय आणि झाकायचं काय हे ठरवणार कोण? ज्याचं काम आहे तो. त्यालाच विचारा, "हे मी लिहू का? लिहिलं तर कोणाला त्रास होईल?" नको म्हणाला तर लिहू नका, पण डिझाइन करताना ते मोडणार नाही याची काळजी घ्या, उदाहरणार्थ अंगठ्याचा आग्रह धरू नका.

दिसण्याचं ओझं कोणावर पडतं ते पण बघा. ऑगस्ट २०२१ मधे महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन हँग होतात, ॲप इंग्रजीत आहे, अशा तक्रारी होत्या. वर बसलेल्याला डॅशबोर्डवर सगळं दिसावं म्हणून खाली पोरं सांभाळणाऱ्या बाईने आकडे भरत बसायचं, आणि हे भरायचं काम मात्र तिच्या कामाच्या चित्रात कोणीच धरलेलं नसतं. तुमच्या सिस्टीममुळे जी नवीन नोंद सुरू होणार आहे तिचाही चौकोन काढा, त्यात वेळ लिहा, आणि तो वेळ कशातून काढायचा ते विचारा.

परत न्या आणि पुठ्ठ्यावर खेळून बघा

चित्र झालं की ते मेल करू नका. संस्थेत घेऊन जा, भिंतीला लावा, एका सकाळची गोष्ट मोठ्याने वाचा. चौकोन-बाण बघून लोक मान डोलावतात, गोष्ट ऐकून मात्र लगेच अडवतात, "नाय नाय, असं नसतंय, तो त्या दिवशी आला ते वेगळं कारण होतं." हे अडवणंच तुम्हाला हवंय.

स्क्रीन कोडमधे करायच्या आधी पुठ्ठ्यावर करा. हे पोरखेळ वाटेल पण स्वीडन-डेन्मार्ककडे १९८१ ते ८५ या काळात युटोपिया नावाच्या प्रोजेक्टमधे वर्तमानपत्र छापणाऱ्या कामगारांच्या युनियनबरोबर हेच केलं होतं, प्रिंटरच्या जागी चक्क खोका ठेवून कामगारांना काम करून बघायला लावलं. कामगाराला कॉम्प्युटरची भाषा येत नव्हती, पण खोका इथं ठेवला तर मला वाकावं लागतं हे लगेच सांगता येत होतं. तुम्ही पण पुठ्ठ्याची स्क्रीन वजनकाट्याजवळ ठेवा आणि खरी रांग असताना, ओल्या हाताने, सचिवाला बोटाने दाबून दाखवायला सांगा. तीन मेन्यू आत गेल्यावर मिळणारं बटण तिथंच कळेल की चालणार नाही, आणि टचस्क्रीन ओल्या बोटाला दाद देत नाही हेही.

डेव्हलपरला शक्य असेल तर एकदा तरी सकाळी तिथं न्या. कितीही चांगलं डॉक्युमेंट लिहिलं तरी वाचणारा त्याच्या अनुभवाप्रमाणे वाचतो, आणि पुण्यात फ्लॅटमधे राहणाऱ्या पोराला "सॅम्पल" म्हटलं की लॅब डोळ्यासमोर येते. न्यायला जमत नसेल तर निदान ती एका सकाळची गोष्ट आणि खोलीचा नकाशा फ्लोचार्टच्या आधी जोडा, आणि जिथं माणूस निर्णय घेतो तिथं सिस्टीमने काय करू नये ते वेगळं लिहा. शेरा लिहायला एक मोकळी जागा द्या, ड्रॉपडाउन नको, ड्रॉपडाउनमधे शेवटी सगळे "इतर" निवडतात. हाताने स्लिप फाडायचं पुस्तक बंद करायला लावू नका, लाईट गेल्यावर तेच लागणार आहे, आणि त्यातलं नंतर सिस्टीममधे घालायची सोय पहिल्या व्हर्जनमधेच ठेवा.

सिस्टीम लागल्यावर एक-दोन बिलं होऊन गेली की परत जा. शेजारी वही ठेवलीय का बघा. असेल तर रागावू नका, ती वही मागून घ्या, परवानगीने चाळा, कारण तुमच्या चित्रातून जे सुटलं ते सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि पुढच्या व्हर्जनची यादी त्याच्याहून चांगली कुठंच मिळणार नाही. आणि तुमच्या जुन्या चित्रावर वरच्या बाजूला चार गोष्टी लिहून ठेवा: कधी बघितलं, कुठं उभं राहून बघितलं, कोणाशी बोललो, आणि काय बघायचं राहिलं. ही चौथी ओळ रिकामी सोडू नका, पावसाळा बघितला नसेल तर "पावसाळा बघितला नाही" असं सरळ लिहा.